शिक्षा झाली, पण मिटलं का?

आजच्या भागाचा विषय तुमच्यापैकी काहींनी इंग्रजी नावाने ऐकला असेल, रिस्टोरेटिव्ह जस्टिस. शाळांमध्ये त्यालाच रिस्टोरेटिव्ह प्रॅक्टिसेस म्हणतात. पुस्तकी मराठीत ‘पुनर्स्थापक न्याय’ असा शब्द आहे, पण तो बोलताना माझी जीभ अडखळते. म्हणून आज मी त्याला ‘सांधणारा न्याय’ म्हणणार आहे. मोडलेलं हाड सांधतात, त्या अर्थाने.

कुठेही आगळीक घडली की आपल्या मनात तीन प्रश्न येतात. कोणी केलं? कुठला नियम मोडला? शिक्षा काय? शाळेत हेच, कोर्टात हेच, आणि फौजेत तर हेच आणि एवढंच. हॉवर्ड झेर नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने 1990 साली ‘चेंजिंग लेन्सेस’ नावाचं पुस्तक लिहिलं. या विचाराचा पाया घालणाऱ्या पुस्तकांत त्याची गणना होते. झेर म्हणतात, प्रश्नच बदला. कोणाला लागलं? त्यांना आता कशाची गरज आहे? आणि ती गरज भागवायची जबाबदारी कोणाची?

ऐकायला साधं वाटतं. पण पहिल्या तीन प्रश्नांत सगळं लक्ष गुन्हेगारावर आहे. ज्याचं नुकसान झालं तो माणूस त्यात कुठेच नाही. दुसऱ्या तीन प्रश्नांत सुरुवातच त्याच्यापासून होते.

आधुनिक काळात याची सुरुवात म्हणून जी घटना सांगतात, ती कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतातली आहे. एल्मिरा नावाचं छोटं गाव, साल 1974. दोन पोरांनी दारूच्या नशेत एका रात्रीत 22 ठिकाणी नासधूस केली. गाड्यांची टायरं फाडली, खिडक्या फोडल्या. खटला उभा राहिला. मार्क यांत्झी हे तिथले प्रोबेशन अधिकारी. त्यांनी न्यायाधीशांना सुचवलं की शिक्षा द्यायच्या आधी या दोघांना ज्यांचं नुकसान केलं त्यांच्या दारात जाऊ दे. न्यायाधीश आधी तयार नव्हते, मग त्यांनी मान्य केलं. दोन्ही पोरं घरोघर गेली. बेल वाजवायची आणि सांगायचं, तुमची खिडकी मी फोडली. काही महिन्यांत त्यांनी भरपाईचे पैसेही त्याच दारांत नेऊन दिले. त्यातल्या एकाने पुढे मोठेपणी याच क्षेत्रात काम केलं.

इथे पहिली शंका येते, आणि ती रास्त आहे. हे फार मवाळ नाही का? सॉरी म्हटलं आणि सुटला?

याचं उत्तर मी फौजेतून देतो. आमच्याकडे जवानाने मारामारी केली तर त्याला ऑर्डरली रूममध्ये कमांडिंग ऑफिसरसमोर उभं करतात. डोक्यावर टोपी नाही, कमरेला पट्टा नाही. आरोप वाचला जातो, साक्षी होतात, सीओ साहेब शिक्षा सुनावतात. आर्मी ॲक्टच्या कलम 80 खाली ते स्वतःच्या अधिकारात 28 दिवसांपर्यंतची कैद देऊ शकतात. सगळं शिस्तीत आणि झटपट. ही व्यवस्था वाईट आहे असं मी अजिबात म्हणणार नाही, तिच्यावर फौज उभी आहे. पण ज्याला मार बसला, तो या सगळ्यात फक्त साक्षीदार असतो. साक्ष दिली, सॅल्यूट केला, बाहेर.

मी कंपनी कमांडर होतो तेव्हा डोंगरातल्या एका पोस्टवर, लंगरमध्ये, एका जवानाने दुसऱ्याच्या तोंडावर भरलेला मग हाणला. घरच्या माणसांवरून थट्टा झाली होती, तेवढं निमित्त. ज्याला लागलं त्याचा दात पडला. मारणाऱ्याला 14 दिवस मिळाले. ते भोगून तो परत आला, तो त्याच सेक्शनमध्ये, त्याच बंकरमध्ये. दोघं एकमेकांशी बोलेनात. आता विचार करा, रात्री गस्तीवर जायचंय, पुढच्याचा जीव मागच्याच्या बंदुकीवर अवलंबून आहे, आणि त्या दोघांत अबोला.

आमच्या सुभेदार साहेबांनी माझ्याकडे मागणी केली, ‘साहेब, आज संध्याकाळी सेक्शन अर्धा तास मला द्या.’ दहा माणसं चहाचे मग घेऊन गोलात बसली. साहेबांनी कोणाला झापलं नाही. प्रत्येकाला आळीपाळीने एकच विचारलं, या प्रकारात तुझ्यावर काय बेतलं? दात पडलेला बोलला. त्याचा राग सगळ्यांना अपेक्षित होता. पण नंतर बाकीचे बोलू लागले. तू क्वार्टर गार्डमध्ये बसलास, तुझी संत्रीची ड्यूटी आम्ही केली. दोन तास पहारा आणि चार तास आराम होता, तो दोन-दोनवर आला. 14 रात्री. मारणाऱ्याच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. त्याच्या हिशोबात मार एकाला बसला होता आणि शिक्षा त्याने स्वतः भोगली होती, हिशोब संपला. ते 14 दिवस त्याने ताठ मानेने काढले होते. त्या अर्ध्या तासात मात्र मान वर झाली नाही. ज्याने थट्टा केली होती, त्यालाही तिथेच, सगळ्यांसमोर आपल्या वाट्याचं बोलावं लागलं.

शेवटी मारणाऱ्याने पहाटेची, सगळ्यात थंडीची पाळी महिनाभर स्वतः मागून घेतली. त्या दोघांची दोस्ती झाली असं सांगून गोष्ट गोड करणार नाही. झाली नाही. पण गस्तीवर एकमेकांच्या पाठीशी उभे राहू लागले, आणि मला तेवढंच हवं होतं. सुभेदार साहेबांनी झेर यांचं नावही ऐकलेलं नव्हतं. अशी माणसं प्रत्येक गावात, प्रत्येक युनिटमध्ये असतात. एवढंच की ती बदलून गेली की त्यांची पद्धतही त्यांच्याबरोबर जाते.

ती पद्धत माणसावर अवलंबून राहू नये म्हणून न्यूझीलंडने 1989 साली कायदा केला. तिथल्या माओरी समाजाची तक्रार होती की आमची पोरं सरकार उचलून संस्थांमध्ये टाकतं आणि आम्हाला, म्हणजे घरच्यांना, कोणी विचारत नाही. नव्या कायद्याने अल्पवयीन मुलांसाठी ‘फॅमिली ग्रुप कॉन्फरन्स’ आणली. खून आणि सदोष मनुष्यवधासारखे गुन्हे सोडले, तर बाकी गंभीर प्रकरणांत मुलगा, त्याचे आईवडील, आजी-आजोबा, काका-मामा, पोलीस आणि ज्याचं नुकसान झालं तो माणूस एकत्र बसतात. त्यातली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. बोलणं झाल्यावर पोलीस आणि अधिकारी खोलीबाहेर जातात. घरची माणसं एकटी बसून ठरवतात, आता काय करायचं. मग सगळे परत आत येतात आणि ती योजना तपासली जाते. सरकारने लादलेली शिक्षा आणि आजीसमोर स्वतः कबूल केलेलं काम, यातलं कुठलं टाळणं जास्त अवघड, हे घराघरातल्या लोकांना सांगायला नको.

तिथून ही कल्पना ऑस्ट्रेलियात गेली. वागा वागा नावाच्या शहरात टेरी ओकॉनेल या पोलीस सार्जंटने 1991 साली बैठकीसाठी प्रश्नांचा एक ठराविक क्रम बसवला. काय घडलं? त्या वेळी तुझ्या मनात काय चाललं होतं? त्यानंतर काय विचार केलास? कोणाकोणावर परिणाम झाला? आता हे नीट करायला काय करावं लागेल? या यादीत ‘का केलंस?’ हा प्रश्न नाही. का विचारलं की पोर एकतर खोटं बोलतं किंवा गप्प बसतं. स्वतःच्या मुलांना आठवा, पटेल. 1994 मध्ये क्वीन्सलँडमधल्या मारूचीडोर हायस्कूलमध्ये शाळेच्या नाचाच्या कार्यक्रमानंतर गंभीर मारहाण झाली, तेव्हा मार्गारेट थॉर्सबोर्न या समुपदेशिकेने हीच बैठक शाळेत घेतली. शाळेतल्या वापराची सुरुवात तिथून मानतात.

आता आपल्या शाळेत या. शिक्षणहक्क कायदा 2009 चा. त्याच्या कलम 17 ने मुलांना मारणं आणि मानसिक छळ करणं, दोन्हीवर बंदी घातली. छडी गेली हे उत्तम झालं. पण छडीच्या जागी काय, हे कोणी शिक्षकांना शिकवलं नाही. मग वर्गाबाहेर उभं करणं, ‘उद्या पालकांना घेऊन ये’, फारच झालं तर दाखला हातात देणं.

समजा आठवीतल्या मुलाने वर्गातल्या एका मुलाच्या तोतरेपणाची क्लिप करून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. चाळीस जणांनी पाहिली, पंचवीस जणांनी हसण्याचे इमोजी टाकले. क्लिप टाकणाऱ्याला आठवडाभर घरी बसवलं तर त्याला सुट्टी मिळाली. तोतऱ्या मुलाला काय मिळालं? तो उद्या त्याच वर्गात, त्याच पंचवीस जणांसमोर उभा राहून धडा वाचणार आहे.

इथे गोलात बसणं कामाला येतं, पण घाईने मांडलेल्या खुर्च्या जास्त नुकसान करतात. आम्ही फौजेत म्हणतो, रेकी नाही तर मूव्ह नाही. सूत्रधाराने, म्हणजे बैठक चालवणाऱ्याने, आधी दोघांना वेगवेगळं भेटायचं. ज्याचं नुकसान झालं त्याला विचारायचं, तुला समोर बसायचं आहे का? नको म्हणाला तर नको. त्याची चिठ्ठी वाचता येते, त्याच्या वतीने मोठी बहीण बोलू शकते. दुसऱ्याला विचारायचं, केलंस हे मान्य आहे का? मान्य नसेल तर बैठक नाही. तो मग चौकशीचा विषय आहे. ‘खरं कोण बोलतंय’ हे ठरवायला ही बैठक नसतेच. दोन्ही बाजूंनी एकेक आधाराचं माणूस असावं. हातात एखादी वस्तू, पेन्सिल बॉक्स का असेना, आणि ती ज्याच्या हातात त्यानेच बोलायचं. शेवटी जे ठरलं ते कागदावर लिहायचं: कोणी, काय, कधीपर्यंत, आणि कोण बघणार. हे शेवटचं कलम बहुतेक ठिकाणी राहून जातं. तीन आठवड्यांनी तपासणारा कोणी नसेल तर मुलं पुढच्या वेळी बैठकीला टाइमपास म्हणतील, आणि बरोबरच म्हणतील.

याचा उपयोग होतो का, हे मोजलं गेलंय. इंग्लंडमध्ये प्रौढ गुन्हेगारांवर मोठ्या चाचण्या झाल्या. जोआना शॅपलँड यांच्या गटाने 2008 साली निष्कर्ष मांडले: समोरासमोरच्या बैठकीला आलेल्या पीडितांपैकी सुमारे 85 टक्के लोक समाधानी होते, आणि पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण सुमारे 14 टक्क्यांनी घटलं. चमत्कार नाही, पण थोडंथोडकंही नाही. शाळांचं चित्र मात्र संमिश्र आहे. अमेरिकेत पिट्सबर्गच्या 44 शाळांवर रँड संस्थेने दोन वर्षं अभ्यास केला, 2018 मध्ये अहवाल आला. निलंबनाचे दिवस कमी झाले, शिक्षक म्हणाले वातावरण सुधारलं. पण सहावी ते आठवीच्या मुलांची अभ्यासातली कामगिरी खाली आली. या पद्धतीचा प्रचार करणारे हा दुसरा भाग गाळून सांगतात, म्हणून मी मुद्दाम सांगतोय. शिक्षकाचा वेळ कुठून तरी येतो. साठ मुलांच्या वर्गात तो आणखी महाग आहे.

आता तुरुंग. मी महूला राहतो, इंदूर इथून तासाभरावर, म्हणून दोन्ही उदाहरणं इंदूरची घेतो. दोन्हीत राखी आहे. दोन्ही शेजारी ठेवून बघा.

पहिलं. राणी मारिया नावाच्या ख्रिस्ती जोगीण उदयनगर भागात आदिवासी शेतकऱ्यांमध्ये काम करायच्या. सावकारी जाचातून लोकांना सोडवत होत्या, ते काहींना खुपलं. 25 फेब्रुवारी 1995 रोजी बसमधून ओढून त्यांना सुऱ्याने भोसकून मारलं. मारणाऱ्याला जन्मठेप झाली. 2002 साली राखीच्या सुमारास राणी मारियांची धाकटी बहीण, सेल्मी पॉल, त्याला तुरुंगात भेटायला गेली आणि तिने त्याच्या हातावर राखी बांधली. 2006 मध्ये तो सुटला. पुढे तो केरळात त्यांच्या घरी जाऊन आईवडिलांनाही भेटला. या भेटीआधी एका धर्मगुरूंनी दोन्ही बाजूंशी दीर्घकाळ संपर्क ठेवला होता. म्हणजे तयारी होती. आणि भेटायचं की नाही, हे बहिणीने ठरवलं होतं.

दुसरं. जुलै 2020. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने एका विनयभंगाच्या प्रकरणात आरोपीला जामीन देताना अट घातली की त्याने राखीपौर्णिमेला पत्नीसह तक्रारदार महिलेच्या घरी मिठाई घेऊन जावं, तिला राखी बांधायची विनंती करावी आणि ओवाळणी म्हणून 11,000 रुपये द्यावेत. मार्च 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट रद्द केली आणि अशा गुन्ह्यांत जामिनासाठी आरोपी-तक्रारदाराची भेट घडवणाऱ्या अटी घालू नयेत असं बजावलं.

धागा तोच, शहर तेच. एका ठिकाणी ज्यांचं माणूस गेलं त्यांनी दार उघडलं. दुसऱ्या ठिकाणी जिने तक्रार केली तिच्या दारात आरोपीला कोर्टानेच पाठवलं, आणि नाही म्हणायची पाळी तिच्यावर आली. वरवर दोन्हीला ‘समेट’ म्हणता येईल. माझ्या मते पहिलाच सांधणारा न्याय आहे. दुसऱ्यात तक्रार करणारीलाच पुन्हा परीक्षेला बसवलं.

भारतातल्या तुरुंगांत हे आणायला आणखी एक अडचण आहे, जी परदेशी पुस्तकांत सापडत नाही. आपल्याकडे तुरुंगातल्या दर चार माणसांपैकी साधारण तीन कच्चे कैदी असतात, म्हणजे खटला संपलेलाच नाही. या पद्धतीची पहिली पायरी म्हणजे ‘हो, मी केलं’ असं म्हणणं. कच्च्या कैद्याने ते कुठेही म्हटलं तर त्याचा वकील डोक्याला हात लावेल, आणि वकिलाचंच बरोबर. राज्यघटनेच्या अनुच्छेद 20(3) प्रमाणे कोणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. तेव्हा बैठकीत बोललेलं पुरावा म्हणून वापरलं जाणार नाही, असं कायद्याचं स्पष्ट संरक्षण मिळेपर्यंत तुरुंगातलं हे काम शिक्षा लागलेल्या कैद्यांपुरतंच ठेवावं असं मला वाटतं.

आता गाव. इथे कोणीतरी नक्की म्हणेल, साहेब, हे तर आपल्याकडे आधीपासून होतं, पारावर बसून मिटवायचे. होतं. पण पारावर बसायला कोणाला जागा होती? जातपंचायतीही गोलात बसूनच न्याय करत होत्या, आणि घरंच्या घरं वाळीत टाकत होत्या. ते थांबवायला महाराष्ट्राला 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. महाराष्ट्रातच 15 ऑगस्ट 2007 पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. कल्पना चांगली. बांधावरची भांडणं, भावकीचे वाद गावातच मिटले तर तालुक्याच्या खेपा वाचतात, आणि अनेक गावांत ते खरोखर मिटले. पण तंटामुक्त गावाला लाखांत बक्षीस होतं. बक्षीस लागलं की मिटवलेल्या तंट्यांचा आकडा महत्त्वाचा होतो, आणि मग दबतो कोण? ज्या सुनेची तक्रार मागे घेतली की गावाचं काम होतं, ती. म्हणून माझी तपासणी सोपी आहे. कुठल्याही समेटाच्या बैठकीत कमजोर बाजूचा माणूस उठून निघून जाऊ शकतो का? गेला तर त्याचं उद्या काही बिघडेल का? बिघडणार असेल तर ती बैठक घेऊ नका, पोलीस ठाणं आणि कोर्टच बरं. घरातली मारहाण आणि लैंगिक अत्याचार यांत तर मी ही पद्धत सुचवणारच नाही.

कायद्यात आपल्याकडे काही दारं किलकिली आहेत. 2015 च्या बालन्याय कायद्यात मुलाला समाजसेवा आणि गटसमुपदेशन देता येतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पहिल्यांदाच समाजसेवा ही शिक्षा म्हणून आली. पहिल्यांदा चोरी केली, माल 5000 रुपयांच्या आतला आणि तो परत केला, तर कैदेऐवजी समाजसेवा. माल परत, इथपर्यंत ठीक. पण ज्याचं दुकान फोडलं त्या दुकानदाराला कोणी विचारायचं, हे त्यात नाही. पोरगा सरकारी दवाखान्याचा व्हरांडा झाडेल, आणि दुकानदार दर वेळी तो रस्त्याने जाताना शटरकडे बघेल.

तुमची मुलं किंवा नातवंडं शाळेत असतील तर पुढच्या पालकसभेत मुख्याध्यापकांना एक विचारा. मारामारी झाली तर मारणाऱ्याचं काय करता, हे ते लगेच सांगतील. तुम्ही विचारा, मार खाल्लेल्या मुलाला नंतर कोण भेटतं, आणि कधी?

पुढच्या भागात खुल्या तुरुंगांविषयी बोलू. सुरुवात औंध संस्थानच्या स्वतंत्रपूरपासून, आटपाडीजवळच्या, ज्याच्यावरून ‘दो आँखें बारह हाथ’ सुचला. जय हिंद.